अफाजावर दोनदा

जानेवारीत पहिल्यांदा घानातल्या अफाजा डोंगराच्या माथ्यावर पोचले तेव्हा समोर काहीच नव्हतं. ढग नव्हते, पाऊस नव्हता, ऊन चटके देत होतं, तरीही काही नव्हतं. पायथ्याचं लियाती वोते गाव पुसट दिसत होतं आणि त्याच्यापलीकडचं सगळं चाळलेल्या पिठात बुडाल्यासारखं झालं होतं. "तिकडे व्होल्टा तलाव," गाईडने पश्चिमेला हात केला. तो आणि मी बराच वेळ तिकडे बघत उभे राहिलो. मग 885 मीटर उंचीच्या पाटीशी फोटो काढला आणि उतरले.

फार वाईट वाटलं त्या दिवशी. मी इथल्या तेमा शहरात एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. सुट्ट्या मोजक्याच. त्यातली एक घालवून घानातला सर्वांत उंच म्हणून ओळखला जाणारा डोंगर चढायचा आणि पाटी बघून परत यायचं, हे काही मनाला पटेना.

माझ्या डोक्यात हिशोब एकच होता: पाऊस संपला की डोंगर. घानात हा हिशोब चालत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे हरमॅटन वाहतो. सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा. दोरीवरचे कपडे बघता बघता वाळून कडक होतात, ओठ फुटतात, बाल्कनीतल्या खुर्चीवरून बोट फिरवलं की रेघ उमटते. चालायला ही हवा तशी बरी, वाट कोरडी असते, घामही वाळतो. पण ज्यासाठी चढायचं तेच धुळीत हरवतं. दक्षिण घानात पाऊस दोनदा येतो: एप्रिल ते जुलै मोठा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर धाकटा. उतरताना गाईड म्हणाला, "आंटी, धाकट्या पावसात या. रात्री पडून सकाळी उघडला ना, की मग बघा."

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा गेले.

आक्राहून डोंगराकडच्या होहोए शहराला जाणारी ट्रोट्रो, म्हणजे इथली प्रवासी व्हॅन, भरल्याशिवाय हलत नाही. माझी भरायला दीड तास लागला, पण त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, हे आता अंगवळणी पडलंय. वाटेत अतिम्पोकूला अडोमी पूल लागतो. 1957 साली खुला झालेला, व्होल्टा नदीवरचा पोलादी कमानीचा. गाडी थांबते न थांबते तोच बायका डोक्यावरची पातेली खिडकीशी आणतात. अबोलो म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले मऊ, गोडसर तुकडे आणि सोबत 'वन मॅन थाउजंड', तळलेले चिमुकले मासे. एका माणसाच्या वाट्याला हजार येतील इतके बारीक, म्हणून हे नाव. मी दरवेळी घेते. डोंगराआधीचं जेवण म्हणून याच्याइतकं चांगलं काही मला ठाऊक नाही.

घानात सहाच्या सुमाराला उजाडतं आणि सहाच्या सुमारालाच मावळतं, वर्षभर. त्यामुळे पहाटेचा एक तास चुकवला तर तो संध्याकाळी भरून निघत नाही. सहा वाजता मी गावाच्या पर्यटन केंद्राशी हजर होते. वहीत नाव, देश, निघण्याची वेळ लिहायची, शुल्क भरायचं, गाईड घ्यायचा. गाईड योगायोगाने जानेवारीतलाच मिळाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. गुरुवारी जन्मला, त्यावरूनच त्याचं नाव आहे, एवढं सांगते. त्याच्या पायात चाले-वोते, म्हणजे साध्या रबरी चपला. हा शब्द गा भाषेतला, अर्थ 'मित्रा, चल जाऊ'. मराठी कानाला त्यातला 'चाले' इतका आपला वाटतो की मला तो शब्द एकदाही शिकावा लागला नाही.

अफाजाची उंची ऐकून लोक सैलावतात. इथे चूक होते. वाट जवळजवळ सरळ वर जाते, वळसे घेत नाही, आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच पोटऱ्या भरून येतात. त्यात रात्रीच्या पावसाने माती लोण्यासारखी झालेली. मुळं धरून, पाय आडवे टाकून चढायचं. खरा त्रास उंचीचा नसतो, दमट हवेचा असतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मी पाण्याची सहा पाकिटं घेतली होती, अर्ध्या लिटरची, इथे त्यांना 'प्युअर वॉटर' म्हणतात. कोपरा दाताने फाडायचा आणि प्यायचं. दोन पाकिटांत क्षार मिसळले होते. माथ्यावर पोचेपर्यंत चार संपली.

"ब्लेवू, आंटी, ब्लेवू." इथल्या एवे भाषेत ब्लेवू म्हणजे सावकाश. जानेवारीत गाईड ते धीर देण्यासाठी म्हणतोय असं मी समजत होते. या वेळी त्याच्या पायांकडे बघत चढले आणि समजलं की तो चालण्याची पद्धत सांगतोय. तो थांबतच नव्हता. एक पाऊल, तळवा पूर्ण टेकला, मग दुसरं. मी मात्र वीस पावलं झपझप आणि दोन मिनिटं धापा, असं करत होते. त्याच्या चालीने चालायला लागले तशी धाप कमी झाली.

अर्ध्या वाटेवर त्याने हात आडवा धरला. वाटेवर काळी-तांबूस दोरी पडल्यासारखी दिसली, मनगटाएवढी रुंद, आणि ती वाहत होती. ड्रायव्हर मुंग्या. मी गुडघ्यावर वाकून बघितलं. मधून लहान कामकरी मुंग्या जात होत्या, काहींच्या तोंडात पांढऱ्या अळ्या. दोन्ही कडांना मोठ्या डोक्याच्या सैनिक मुंग्या जबडे वर उघडून जागच्या जागी उभ्या, जणू भिंत. त्यांच्या अंगावरून पावसाचा थेंब घरंगळला तरी त्या हलल्या नाहीत. पँट मोज्यात खोचायची ती यासाठी. त्या चावल्या की जबडा सोडत नाहीत, ओढलं तर डोकं कातडीतच राहतं. लांब ढांग टाकून आम्ही ओलांडलं, आणि पलीकडे गेल्यावरही मी मागे वळून बघत राहिले.

डोंगराच्या नावाची गोष्ट त्याने तिथेच सांगितली. मूळ एवे शब्द अवाद्झेतो, म्हणजे रानाशी लढाई. या डोंगरावर अंगाला लागली की भयंकर खाज आणणारी एक वनस्पती आहे, तिच्यावरून. मला खाजकुइली आठवली. मी बाह्या खाली ओढून घेतल्या.

आणि मग माथा.

रात्रीच्या पावसाने सगळं धुऊन काढलं होतं. पूर्वेला टोगोच्या हद्दीतल्या टेकड्या, एकामागे एक, जवळची हिरवी, मागची निळी, त्यामागची राखाडी. पायाशी लियाती वोतेचे पत्रे चमकत होते. आणि पश्चिमेला, जिथे जानेवारीत मी उगाच डोळे ताणून बघत होते, तिथे कथलाच्या रंगाची एक लांब पट्टी.

1965 मध्ये अकोसोम्बो धरण पूर्ण झालं आणि हा तलाव भरला. सुमारे 8,500 चौरस किलोमीटर पाणी. त्याखाली सुमारे 700 गावं गेली, 80,000 च्या आसपास माणसं उठवली गेली. हे आकडे मला आधीही माहीत होते. माहीत नव्हतं ते हे, की गाईडची आजी त्यातल्याच एका गावची. तिला आंब्याच्या झाडासकट गाव आठवायचं, तो म्हणाला. जानेवारीत त्या धुळीकडे हात करून तो इतका वेळ का उभा होता ते मला आत्ता कळलं. आम्ही दोघं काही न बोलता बसलो. मी अबोलोचा उरलेला तुकडा त्याला दिला.

उतरणं चढण्याहून जड गेलं. ओल्या मातीत दोनदा बसकण मारली. त्याच्या चपला एकदाही घसरल्या नाहीत.

खाली आल्यावर टाग्बो धबधब्याची वाट धरली. ती कोकोच्या बागांतून जाते. हंगाम सुरू झालेला. कोकोची फळं फांदीच्या टोकाला लागत नाहीत, थेट खोडाला चिकटून वाढतात, पिवळी, नारिंगी, खरबुड्या सालीची. एका जागी केळीच्या पानांनी झाकलेला ढीग होता. त्याला आंबूस, ताडीसारखा वास येत होता. ढिगावर हात धरला तर ऊब लागली. आत बिया आंबत होत्या. त्या सहा-सात दिवस अशा आंबल्या, उन्हात वाळल्या आणि मग भाजल्या, की त्यांना चॉकलेटचा वास यायला लागतो.

ढिगाजवळ बसलेल्या आजोबांनी "वोएझो" म्हणून स्वागत केलं, कोयत्याने एक फळ फोडलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं. आत पांढऱ्या, बुळबुळीत गरात गुंडाळलेल्या बिया. गर चोखायचा. गोड, किंचित आंबट, सीताफळाच्या जवळपासची चव. "चावू नका," गाईड म्हणाला. मी तरी एक चावली. आतून गर्द जांभळी निघाली, आणि जीभ आक्राला पोचेपर्यंत कडू होती.