ऊर्जासंक्रमणासाठी भूविज्ञानाचा तरुण प्राध्यापक निवडताना

फ्रान्समध्ये डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या संशोधनविषयक कायद्याने विद्यापीठांत ‘कनिष्ठ प्राध्यापक अध्यासन’ हे नवे पद आणले. डॉक्टरेट झालेल्या तरुण संशोधकाला तीन ते सहा वर्षांच्या करारावर घ्यायचे, सुरुवातीलाच संशोधनासाठी सुमारे दोन लाख युरोंचा निधी द्यायचा, अध्यापनाचा भार हलका ठेवायचा आणि मुदतीअखेर कामाचे मूल्यमापन करून त्याला थेट पूर्ण प्राध्यापक म्हणून कायम करायचे, अशी या पदाची रचना आहे. पूर्वीची वाट वेगळी होती. तिथे माणूस आधी ‘मेत्र द कॉन्फेराँस’ या कायम पदावर रुजू होई, वर्षाला १९२ तास शिकवी आणि बऱ्याच वर्षांनी प्राध्यापकपदासाठी पात्र ठरे. नव्या पदावर इथल्या अध्यापक संघटनांनी कडाडून टीका केली आणि तिच्यातला बराचसा भाग मला पटतो. पण हे पद आता आलेले आहे, आणि भूविज्ञानात ते वारंवार ऊर्जासंक्रमणाच्या, म्हणजे कोळसा-तेलाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्याच्या, नावाने जाहीर होते. पूर्व फ्रान्समधल्या एका विद्यापीठात मी भूविज्ञान शिकवते. अशा पदाच्या जाहिरातीचा मजकूर ठरवण्यात माझाही सहभाग असतो. निवडीच्या बैठकांत काय बोलले जाते ते गोपनीय असते आणि तसेच राहील. मला लिहायचे आहे ते बैठकीच्या आधीच्या कामाबद्दल, म्हणजे पद कशासाठी आहे हे विभागाने कसे ठरवावे याबद्दल.

माझे मत सरळ आहे. असे पद एखाद्या संसाधनाच्या नावाने काढू नये. ते भूगर्भात चालणाऱ्या प्रक्रियेच्या नावाने काढावे. ‘हायड्रोजनचा प्राध्यापक’ किंवा ‘लिथियमचा प्राध्यापक’ नेमणे विद्यापीठाच्या प्रशासनाला आवडते, कारण ते मंत्रालयाला आणि उद्योगांना चटकन समजते. पण करार सहा वर्षांचा असला तरी त्यानंतरची नोकरी तीस वर्षांची असते, आणि तीस वर्षांत ऊर्जाधोरणाचा कल किती वेळा बदलतो हे पूर्व फ्रान्समधल्या अल्सास प्रदेशाच्या जमिनीखाली काय काय घडले त्यावरून कळते.

अल्सासमधल्या सुल्त्झ-सू-फोरे या गावात १९८७ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचा युरोपीय प्रकल्प सुरू झाला. तिथे पाच किलोमीटर खोल विहिरी खोदल्या गेल्या आणि तळाशी सुमारे दोनशे अंश सेल्सियस तापमान मिळाले. कोरड्या, तप्त ग्रॅनाइटमध्ये पाण्याच्या दाबाने भेगा उघडायच्या आणि त्यांतून पाणी फिरवून उष्णता वर आणायची, ही मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात त्या ग्रॅनाइटमध्ये नैसर्गिक भेगांचे जाळे आणि त्यात फिरणारे अतिशय खारे, गरम पाणी आधीपासूनच होते, असे दिसून आले. मग सगळा विचारच बदलला: नव्या भेगा पाडण्याऐवजी जुन्या भेगा शोधायच्या. त्या शहाणपणावर रिटर्सहोफेनचे केंद्र २०१६ मध्ये उभे राहिले, आणि तिथली उष्णता नळांतून सुमारे पंधरा किलोमीटरवरच्या स्टार्च कारखान्याला मिळू लागली. त्याच खाऱ्या पाण्यात दर लिटरला दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम लिथियम आहे. प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याचे कुणाला अप्रूप नव्हते. आज विजेच्या मोटारींमुळे त्या पाण्याकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. आणि त्याच प्रदेशात, स्ट्रासबर्गच्या उत्तरेला व्हेंडेनहाइम येथे, भूऔष्णिक प्रकल्पाच्या खोल विहिरींतल्या कामामुळे भूकंप झाले. डिसेंबर २०२० मध्ये साडेतीनच्या आसपास तीव्रतेचा धक्का बसल्यावर प्रकल्प थांबवण्यात आला, तरीही जून २०२१ मध्ये त्याहून मोठा, चारच्या जवळपास तीव्रतेचा धक्का बसलाच.

उष्णता, लिथियम आणि भूकंप या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी विज्ञान एकच आहे: भेगाळलेल्या खडकातून द्रव कसा वाहतो, खडकाशी त्याची कोणती रासायनिक देवाणघेवाण होते आणि त्याच्या दाबाने जुने भ्रंश, म्हणजे ज्यांवरून खडक सरकतात त्या भेगा, कधी सरकतात. १९९० मध्ये हे विज्ञान नीट जाणणारा तरुण प्राध्यापक नेमला गेला असता तर पुढची तीस वर्षे त्याला काम कमी पडले नसते. ‘कोरड्या तप्त खडकाचा’ प्राध्यापक नेमला असता, तर दहा वर्षांत त्याच्या पदाच्या नावातला पहिला शब्दच चुकीचा ठरला असता.

शेजारच्या लोरेनमध्येही असेच घडले. फोल्शव्हिलेर येथील जुन्या विहिरीत नान्सीच्या जिओरिसोर्सेस प्रयोगशाळेतले संशोधक कोळशाच्या थरांतला मिथेन मोजत होते. २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केले की पाण्यात विरघळलेल्या वायूंमध्ये हायड्रोजनही आहे आणि खोलीबरोबर त्याचे प्रमाण वाढत जाते. अकराशे मीटरच्या आसपास ते पंधरा टक्क्यांवर पोचले. एका विहिरीतल्या या मोजमापावरून संपूर्ण खोऱ्यासाठी ४ कोटी ६० लाख टन हायड्रोजनचा आकडा पुढे आला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. मोजमाप मोलाचे आहे. आकडा हा त्या मोजमापाचा दूरवर ताणलेला अंदाज आहे. या दोन वाक्यांतले अंतर ज्याला वर्गात वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांपुढे, आणि गरज पडल्यास गावच्या सभेतही, न डगमगता समजावून सांगता येईल, तो माणूस मला विभागात हवा आहे. हायड्रोजनवरच्या त्याच्या शोधनिबंधांची संख्या मी नंतर पाहीन.

यातून पुढचा प्रश्न येतो, आणि तो अधिक अवघड आहे. खोल जमिनीचे ज्ञान गेली सत्तर-ऐंशी वर्षे प्रामुख्याने तेल आणि वायू उद्योगाच्या पैशाने वाढले. भूकंपलहरींच्या प्रतिमा वाचणे, विहिरीतल्या मोजणीवरून खडकाची सच्छिद्रता आणि पार्यता (त्यातून द्रव किती सहज जातो ते) काढणे, साठ्याचे संगणकीय प्रारूप बांधणे, ही सगळी कौशल्ये तिथली आहेत. फ्रान्सने डिसेंबर २०१७ च्या कायद्याने देशातले तेल-वायू उत्पादन २०४० पर्यंत संपवायचे ठरवले आणि अनेक अभ्यासक्रमांतून ‘पेट्रोलियम’ हा शब्द गळून पडला. आता ऊर्जासंक्रमणाच्या पदासाठी तेल कंपनीत काम केलेला उमेदवार आला की काही सहकाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. मला ती आठी समजते, पण मान्य नाही. नैऋत्य फ्रान्समधल्या लाक परिसरात, रिकाम्या होत आलेल्या वायुसाठ्यात, २०१० ते २०१३ या काळात सुमारे एक्कावन्न हजार टन कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवण्यासाठी साडेचार किलोमीटर खोलीवर सोडण्यात आला. तो प्रयोग तेल कंपनीनेच केला आणि वायुसाठ्याची जुनी, तपशीलवार माहिती हाताशी होती म्हणूनच तो करता आला. उमेदवार कुठून आला यापेक्षा इथे आल्यावर तो कोणाला उत्तरदायी राहणार आहे, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे.

म्हणून करारातल्या एका कलमाविषयी मी फार आग्रही आहे. पदाला उद्योगाचा निधी जोडलेला असेल, तर कंपनीच्या विहिरीतून मिळालेल्या माहितीवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा प्राध्यापकाचा अधिकार लेखी आणि बिनशर्त असला पाहिजे. प्रतिकूल निष्कर्षांबाबत तर अधिकच. व्हेंडेनहाइमनंतर स्ट्रासबर्गच्या परिसरातल्या लोकांच्या घरांच्या भिंतींना तडे गेले होते. त्यांना भूविज्ञान विभागातल्या माणसाचे म्हणणे विश्वासार्ह वाटायचे असेल, तर त्याचे हात बांधलेले असून चालणार नाही. तरुण आणि अजून कायम न झालेल्या माणसावर हे ओझे टाकणे अन्यायाचे आहे, म्हणून ते कलम विभागाने आधीच लिहून घ्यावे, उमेदवाराला वाटाघाटीत मागायला लावू नये.

अध्यापनाकडे मात्र या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा पदाला वर्षाला साधारण ६४ तासांचे अध्यापन असते, म्हणजे नेहमीच्या भाराच्या एक तृतीयांश. संशोधन उभे करायला वेळ मिळावा हा हेतू योग्य आहे. पण ते ६४ तास शेवटच्या वर्षातल्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या संशोधनविषयावरच्या व्याख्यानांत संपू नयेत. नव्या प्राध्यापकाने दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन क्षेत्रभेटीला जावे, हातात भिंग घेऊन खडकातली भेग कॅल्साइटने भरली आहे की उघडी आहे हे दाखवावे, आणि ती एक भेग शंभर मीटर आत कुठे जाते हे आपल्याला दिसत नाही, हेही तिथेच सांगावे. ऊर्जासंक्रमणाचे भूविज्ञान तिथूनच सुरू होते. निवडीच्या दिवशी उमेदवाराला स्वतःच्या संशोधनाचे सजवलेले सादरीकरण करायला सांगण्याबरोबर, आधी न पाहिलेल्या एका विहिरीची नोंदपट्टी, म्हणजे खोलीनुसार घेतलेल्या मोजणीचा आलेख, पुढे ठेवून ‘हे पहिल्यांदाच पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगा’ असे म्हणावे, अशी सूचना मी नेहमी करते. माहीत नसलेल्या जागी माणूस काय करतो, हे त्या पंधरा मिनिटांत दिसते.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर महाराष्ट्रातून युरोपात आलेले भूविज्ञानाचे संशोधकही आहेत. फ्रान्समधल्या या पदांना परदेशी नागरिक अर्ज करू शकतात, तरी आपली मुले-मुली पुष्कळदा करत नाहीत, किंवा केला तर आपल्याकडच्या कामाचा उल्लेख अर्जात एका ओळीत उरकतात. तसे करू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप हे जलाशयामुळे घडलेल्या भूकंपांचे जगातले सर्वांत अभ्यासलेले उदाहरण आहे. कराडच्या संशोधन केंद्राच्या प्रकल्पात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विहीर खोदली गेली, आणि सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर तिला खालचा ग्रॅनाइटी पाया लागला. पाण्याचा दाब आणि भ्रंश यांचे नाते ज्याने कोयनेत शिकले आहे, त्याला व्हेंडेनहाइम परके नाही.

तसेच दख्खनच्या बेसाल्टचे आहे. आइसलँडमधल्या कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये बेसाल्टमध्ये सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे दोन वर्षांच्या आत खनिज झाले. तेव्हापासून आपल्या कातळाकडेही आशेने पाहिले जाते. ही आशा रास्त आहे, पण आइसलँडचा तरुण, भरपूर पाण्याचा, भेगाळ बेसाल्ट आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरांवर थर रचलेला, कुठे घट्ट तर कुठे झिजलेला दख्खनचा बेसाल्ट यांत मोठा फरक आहे. शिवाय आपल्याकडे त्याच खडकाच्या वरच्या थरांतल्या पाण्यावर शेतकऱ्याची विहीर चालते. हा फरक ज्याने मराठवाड्यात किंवा साताऱ्यात पायी फिरून पाहिला आहे, त्याने तो अर्जाच्या पहिल्या पानावर लिहावा. सहा ते दहा जणांच्या समितीत तो समजणारा निदान एक सदस्य असतोच, आणि नसला तर त्याला समजावून सांगणे ही उमेदवाराच्या अध्यापनाची पहिली परीक्षा मानावी. भाषेची तयारी मात्र आधीपासून करावी. पदव्युत्तर वर्ग पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत चालतात, पण पदवीचे वर्ग आणि क्षेत्रभेटी फ्रेंचमध्येच होतात, आणि वर म्हटलेले दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी तिथेच भेटतात.