पावसाळ्यात खंगलेला वडाचा बोन्साय

ठाण्यात मे महिन्याच्या उन्हापेक्षा जुलैच्या संततधारेने अधिक बोन्साय दगावतात, असे माझे ठाम मत आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत शेजारच्या काकांच्या वडाची पाने पिवळी पडून गळू लागली. उरलेली मरगळलेली पाहून झाडाला तहान लागली असावी, या समजुतीने ते भर पावसातही पाणी घालत होते. मुळे कुजली की भिजलेल्या मातीतूनही त्यांना पाणी शोषता येत नाही, त्यामुळे अतिपाण्याने आजारी पडलेले झाड नेमके तहानलेल्यासारखे दिसते. शिवाय मातीच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा थर कुंडी उंच असो वा बुटकी, जवळपास तेवढ्याच जाडीचा असतो. बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये म्हणूनच मातीचा बराचसा भाग चिंब राहतो.

खोडाची साल नखाने किंचित खरवडली, तर खाली हिरवा, ओलसर थर होता, आणि बारीक फांदीला टोचताच पांढरा चीक आला. झाडात जीव होता. मग ते ट्रेमधून अलगद काढले. काळ्या पडलेल्या मुळ्या चिमटीत धरून ओढल्या की वरची साल निसटून येई आणि आतला दोरा तेवढा शिल्लक राही. त्या सगळ्या स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने छाटल्या, घट्ट असलेल्या मुळ्यांना हात लावला नाही. जुन्या चिकट मातीऐवजी चाळून धूळ काढलेला विटेचा चुरा, जाड रेती आणि अगदी थोडे कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भरले. खोड हलत राहिले तर नव्या कोवळ्या मुळ्या तुटतात, म्हणून तळाच्या छिद्रांतून तार ओवून झाड ट्रेला बांधले. (भेट म्हणून मिळणाऱ्या बोन्सायच्या मातीवर पांढरे खडे डिंकाने चिकटवलेले असतात, ते आधी उचकटून काढावेत, कारण त्यांच्याखालची ओल कळतच नाही.)

त्यानंतर ट्रे बाल्कनीत, भरपूर उजेड येईल पण पाऊस आणि थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवून त्याच्या एका टोकाखाली लाकडी पट्टी सरकवली; तिरक्या ट्रेतून साचलेले पाणी बरेच निथळते. मातीत खोचलेली बांबूची काडी बाहेर काढून पाहायची आणि ती जवळपास कोरडी निघाली तरच पाणी द्यायचे, एवढेच काम काकांकडे सोपवले.

खत देण्याची त्यांना फार घाई होती, आणि यावर आमचा थोडा वादही झाला. दुखावलेल्या मुळांना खतातले क्षार सोसत नाहीत. अशा झाडाला टॉनिक म्हणून काहीबाही पाजणे मला मुळीच पटत नाही. गणपतीनंतर शेंड्यांवर तांबूस कोंब दिसू लागले. ती पाने पुरती उमलून जून झाल्यावरच पातळ केलेले खत सुरू करायचे ठरले आहे. वळण देण्यासाठी तारा गुंडाळणे आणि छाटणी या वर्षी करायची नाही.