बॅटरीवरचा हॅम रेडिओ, खारा वारा आणि वाटेत हरवणारे व्होल्ट

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी सेट, बाहेर नेऊन चालवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची) घेऊ?" कोकण किनाऱ्यावर ऐन क्यूएसओमध्ये (दुसऱ्या स्टेशनशी बोलणं चालू असताना) सेट बंद पडतो, तेव्हा बॅटरीत बऱ्याचदा भरपूर चार्ज शिल्लक असतो. कमी पडलेले असतात ते सेटच्या मागच्या सॉकेटवरचे व्होल्ट. म्हणून एएचचा हिशोब थोडा नंतर. आधी वायर आणि जोड.

१०० वॅटच्या बहुतेक एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या) सेटना १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के लागतात. म्हणजे खालची मर्यादा साधारण ११.७. लिथियम फॉस्फेट (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी लोडखाली १२.८ ते १३ देते. आता २.५ चौरस मिमीची तीन मीटर वायर जोडा. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, रोध सुमारे ४४ मिलिओहम. पूर्ण पॉवरला २० अँपिअर ओढले की वायरीतच ०.९ व्होल्ट गेले. सेटला मिळाले १२ च्या आसपास, त्यातून फ्यूज होल्डर आणि प्लगांचा वाटा वजा. बोलताना आवाज चढला की डिस्प्ले मिचकावतो, समोरचा सांगतो "ऑडिओ फाटतोय", आणि मग सेट रीसेट होतो. वायर ६ चौरस मिमीची, लांबी दीड मीटर केली तर हाच तोटा ०.२ व्होल्टच्या आत येतो. बॅटरी सेटच्या शेजारी ठेवा आणि लांबी कोॲक्समध्ये (सेट ते अँटेना केबलमध्ये) घ्या. एचएफवर पाच मीटर जास्तीच्या कोॲक्सने काही बिघडत नाही.

किनाऱ्यावरचा खरा शत्रू मीठ. ब्लेड फ्यूजचा साधा होल्डर पावसाळ्याआधीच्या दमट हवेत राहिला की आतल्या पात्यांवर हिरवट थर धरतो. बाहेरून काळं प्लास्टिक स्वच्छ दिसतं. त्या एका जोडात २० मिलिओहम वाढले तर २० अँपिअरला ०.४ व्होल्ट जातात आणि ८ वॅट उष्णता तिथेच तयार होते. म्हणून १० सेकंद ट्रान्समिट करून होल्डरला बोट लावून बघा. कोमट लागला तर तो बदलायचाच. वायरचंही तसंच. साध्या तांब्याच्या वायरीत ओल इन्सुलेशनच्या आतून वर चढते आणि थिंबलपासून (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीपासून) इंच-दोन इंच आतली तार काळी पडते. त्या तारेला सोल्डर धरतच नाही. कल्हई केलेल्या तांब्याची, बोटींवर वापरतात ती वायर थोडी महाग पडते, पण पैसे तिच्यावरच घालावेत. थिंबल नीट क्रिम्प करा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक चढवा, प्लगांच्या धातूवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. मगर क्लिपा घरीच राहू द्या.

तपासणी अशी करावी. अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर जिरवणारा रोध) लावून, सीडब्ल्यू (मोर्स) मोडमध्ये, वापरणार त्याच पॉवरला १० सेकंद की दाबा. मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग पुन्हा की दाबून सेटच्या सॉकेटवर. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर मीटरचे दोन्ही प्रोब प्रत्येक जोडाच्या अल्याड-पल्याड लावत जा: फ्यूज, प्लस प्लग, मायनस प्लग. चोर लगेच सापडतो. मायनसची बाजू लोक विसरतात आणि बहुधा तिथेच तो असतो.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १५ सेमीच्या आत हवा. लिथियम फॉस्फेट शॉर्ट झाली तर बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) तोडायच्या आत शेकडो अँपिअर वाहू शकतात. आणि विकत घेताना एएचच्या आधी बीएमएस किती अँपिअरचा ते विचारा. १० अँपिअर बीएमएसची बॅटरी १०० वॅटच्या पहिल्याच हाकेला कट मारते, आणि बॅटरी खराब आहे असं वाटत राहतं.

आता हिशोब. १०० वॅटचा सेट २० वॅटवर ठेवला तर सिग्नल फक्त ७ डीबीने, म्हणजे एस-मीटरवर एका घरापेक्षा थोडा जास्त, खाली जातो. ट्रान्समिटचा करंट मात्र २० वरून ७-८ अँपिअरवर येतो. एसएसबीत (एचएफवर आवाजाने बोलायच्या मोडमध्ये) बोलताना सरासरी धरा ४ अँपिअर, ऐकताना १. पाऊण वेळ ऐकणं, पाव वेळ बोलणं: सरासरी पावणेदोन अँपिअर. सहा तासांना साडेदहा एएच. २० टक्के राखीव ठेवून १५ एएचची लिथियम फॉस्फेट आरामात पुरते. यूपीएसची लेड-ॲसिड ७ एएच कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते, पण तो आकडा २० तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो, आणि आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरावी. एफटी८ (कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायचा मोड) वेगळंच खातं: १५ सेकंदांच्या पाळीत जवळजवळ सतत पूर्ण करंट, पुढचे १५ सेकंद ऐकणं. सरासरी साडेचार अँपिअर, म्हणजे तेच २० टक्के राखीव धरून २० एएचसुद्धा साडेतीन तासच. आणि लिथियम फॉस्फेटचे व्होल्ट ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत जेमतेम अर्धा व्होल्ट उतरतात, त्यामुळे व्होल्टवरून शिल्लक कळत नाही. एएच मोजणारा छोटा मीटर वायरीत बसवा.

अँटेना नीट असेल तर २० वॅट पुरतात, आणि इथे कोकणची जमीन दोन टोकांची आहे. सड्यावरचा (उघड्या कातळी पठारावरचा) कोरडा जांभा विजेला वाईट वाहक, खुंटीही आत जात नाही. तिथे व्हर्टिकलच्या (उभ्या अँटेनाच्या) नादी लागू नका, डायपोल (मधोमध कोॲक्स जोडलेली दोन बाजूंची आडवी वायर) बांधा. ७.१ मेगाहर्ट्झला १४३ भागिले ७.१, म्हणजे २० मीटर, एक बाजू १० मीटर. इन्सुलेटेड वायर असेल तर दोन-तीन टक्के कमी निघेल, पण कापू नका, टोक दुमडून एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलाय ते सांगणारा आकडा) बघा. उंची चार-पाच मीटरच ठेवा. सिग्नल जवळपास सरळ वर जातो आणि आयनोस्फिअरवरून परत पडतो, मध्ये उभा सह्याद्री त्याला आडवा येत नाही. जिथे हातातल्या छोट्या सेटचा व्हीएचएफ (३० मेगाहर्ट्झच्या वरचा) सिग्नल घाटापाशी संपतो, तिथून पुणे-कोल्हापूर दिवसा ४० मीटर बँडवर (हाच ७ मेगाहर्ट्झ) बहुधा मिळतात. रात्री ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल आयनोस्फिअर भेदून वरच निघून जातो. तेव्हा ८० मीटर बँड, एका बाजूला २० मीटर वायर. जून २०२० चं निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, दोन्ही वेळी वीज आणि मोबाइल एकदमच गेले. अशा वेळी उपयोगाचा असतो तो हाच बुटका डायपोल.

पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) उलट. खाऱ्या पाण्याशेजारी १४.२ मेगाहर्ट्झचा पाच मीटरचा व्हर्टिकल, खाली चार रेडियल (पसरलेल्या वायरी), आणि समुद्राच्या दिशेचा डीएक्स (लांबच्या देशांशी संपर्क) २० वॅटवर निघतो. फिशिंग रॉड खांब म्हणून घ्यायचा तर फायबरग्लासचाच. कार्बनचा विद्युतवाहक असतो आणि ट्यूनिंग बिघडवतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालचा अंदाज आज चालत नाही. बॅटरी ओल्या रेषेच्या वरच. माडाखाली तर बसूच नये, सुरूच्या सावलीत बसा.

सोलर पॅनेल लावणार असाल तर एमपीपीटी कंट्रोलरचा (पॅनेलमधून बॅटरी चार्ज करणाऱ्या सर्किटचा) खरखराट ऐकायची तयारी ठेवा. दोन्ही बाजूंच्या वायरींना फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या) कड्याभोवती पाच-सहा वेढे द्या; तरी कमी झाला नाही तर ऐकताना पॅनेल काढा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत बॅटरी ठेवून चार्ज करू नका, ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात या सेल चार्ज करायच्या नसतात. वळिवाचा गडगडाट ऐकू आला की कोॲक्स सेटपासून काढून दूर टाका, सड्यावर तर आधीच.

घरी आल्यावर कोॲक्सचे प्लग गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग उन्हाऐवजी पंख्याखाली वाळवा. बॅटरी महिनाभर पडून राहणार असेल तर निम्म्या चार्जवर ठेवा आणि फ्यूज काढून ठेवा.