आधी चित्र, मग मजकूर: वावेचं एक पुस्तक

मुलांच्या माहितीपुस्तकाची एक सोपी परीक्षा आहे. चित्रं झाकायची आणि नुसता मजकूर वाचायचा. कुठेच अडलं नाही, तर ती चित्रं शोभेची आहेत आणि चौरंगी छपाईचा खर्च वाया गेला आहे. संपूर्ण मजकूर लिहून झाल्यावर तो चित्रकाराकडे पाठवला की बहुतेक वेळा हेच होतं. क्रम उलटा हवा. चित्राशिवाय सांगताच येणार नाही असं काय आहे ते आधी ठरवायचं, ते काढायचं, आणि चित्राला जे जमलं नाही तेवढंच लिहायचं.

बडोद्यात यासाठी वावेइतका, म्हणजे पायऱ्यांनी खाली उतरायच्या विहिरीइतका, चांगला विषय नाही. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव घ्या किंवा सेवासीची घ्या. वरून पाहिलं तर जमिनीत नुसती चीर दिसते, आत उतरलं तर एका वेळी एखाद-दोन मजले. अख्खी वाव कुठूनच दिसत नाही, फोटोतही येत नाही. ती दिसते फक्त उभ्या छेदात, म्हणजे उभी कापून दाखवलेल्या चित्रात. इतिहास आणि विज्ञान दोन्ही त्या एका चित्रात बसतात. पुस्तकातला शब्दही ‘वाव’च ठेवावा, कारण इथल्या मराठी घरांतली मुलं ‘बारव’ म्हणत नाहीत. महाराष्ट्रात तिला बारव म्हणतात हे एका ओळीत सांगितलं की झालं.

पुस्तक २४ पानांचं, पिन बाइंडिंगचं, कव्हर वेगळं. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर प्रकाशनाची माहिती, तिसऱ्यावर सुरुवात. मग ४-५ पासून २२-२३ पर्यंत दहा जोडपानं मिळतात आणि शेवटी एक सुटं पान. या दहांत फक्त १२-१३ हे मधलं जोडपान एकाच सलग कागदावर छापलं जातं. बाकी ठिकाणी डावं आणि उजवं पान वेगवेगळ्या तुकड्यांवर येतात, घडीत एक-दोन मिलिमीटर सरकतात आणि पायऱ्यांची रेघ मध्येच तुटते. म्हणून छेद १२-१३ वरच. पान २२ सेंटिमीटर रुंद ठेवलं तर जोडपान ४४ चं होतं. ४० मीटर लांबीची वाव शंभरास एक या प्रमाणात ४० सेंटिमीटर होते आणि दोन्ही कडांना थोडी जमीन दाखवायला जागा उरते. या प्रमाणात दहा वर्षांचा मुलगा दीड सेंटिमीटरही भरत नाही. त्याचा चेहरा काढायच्या भानगडीत पडू नये, पण माणसं हवीतच, कारण खोली कळते ती त्यांच्यावरून. घागर घेऊन वर येणारी बाई, पायरीवर टेकलेला वाटसरू, एवढं पुरतं. आणि काहीही झालं तरी मुख्य विहीर घडीवर येऊ द्यायची नाही.

छेद ही मोठ्यांची भाषा आहे, हे आपण विसरतो. आठ वर्षांच्या मुलाला वाटतं की वावेची एक भिंत पडली आहे. त्यावर उपाय आधीच्या जोडपानावर करायचा: अख्खी पपई, मग उभी कापलेली पपई, मग बाहेरून वाव, आणि पान उलटल्यावर कापलेली वाव. कापलेल्या मातीला आणि दगडाला एकच ठसठशीत रंग द्यायचा आणि तो पुस्तकात दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही.

सगळ्यात जास्त चुका पाण्यात होतात. चित्रकार जमिनीखाली निळं तळं काढतो, आणि पोटात तलाव असलेली जमीन मुलाच्या डोक्यात कायमची बसते. बडोद्याखाली नदीने आणून टाकलेल्या वाळूचे आणि चिकणमातीचे थर आहेत. पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींत साठतं आणि त्याची पातळी वावेच्या तळापेक्षा वर असेल तेव्हा आत झिरपतं. म्हणून थर मातीच्याच रंगाचा ठेवून त्यावर भिंगाचा एक मोठा गोल काढायचा: आत वाळूचे कण, त्यांच्यामध्ये निळं पाणी. ‘वीसपट मोठं केलं आहे’ हे गोलाशेजारीच लिहायचं. विहिरीत पाण्याच्या दोन रेघा, एक भाद्रपदातली, एक वैशाखातली. त्या पाहिल्या की पायऱ्या इतक्या खोल का नेल्या ते सांगावं लागत नाही: पाणी खाली गेलं की माणूस त्याच्यामागे उतरतो. तळाचा गारवा निळ्या रंगाने दाखवण्याचा मोह होतो, तो टाळावा. निळं म्हणजे पाणी, दुसरं काही नाही. बाणांचंही तसंच. बाण फक्त हालचालीसाठी. नाव सांगणारी रेघ बारीक आणि बिनटोकाची.

इतिहासाच्या चित्रात खरा प्रश्न असतो तो माहीत नसलेल्या भागाचा. कोसळलेला मंडप कसा होता ते ठाऊक नसेल, तर आज उभं आहे ते अखंड रेघेने आणि अंदाज तुटक रेघेने काढायचा, आणि हा नियम तिसऱ्या पानावरच सांगायचा. मुलांना ही गोष्ट मोठ्यांपेक्षा लवकर पटते. कपड्यांचा किंवा बैलाच्या जातीचा पुरावा नसेल तर दृश्य लांबून घ्यावं.

बडोद्याच्या इतिहासाचं कुठलंही चित्र काढताना पार्श्वभूमीसाठी एक साल-तक्ता चित्रकाराच्या भिंतीवर लावलेला बरा. डभोई-मियागाम ही बडोदा संस्थानातली, दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली गाडी १८६२ मध्ये सुरू झाली ती बैलांनी ओढलेली. वाफेचं इंजिन नंतर आलं, तरी पहिल्या चित्रात धूर हमखास दिसतो. सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर आले तेव्हा बारा वर्षांचे होते. संदर्भाला मिळणारे फोटो बहुतेक मोठेपणचे, त्यामुळे दत्तकविधानातल्या मुलाचा चेहरा हटकून प्रौढ होतो. आणि मागे लक्ष्मी विलास नको, तो पुरा झाला १८९० मध्ये. वावेच्या पुस्तकात हा तक्ता शेवटच्या जोडपानाला लागतो: १८९० च्या दशकात आजव्याच्या तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, आणि पाण्यासाठी पायऱ्या उतरायची गरज संपत गेली.

इथल्या प्रकाशकाने मराठीबरोबर गुजराती आवृत्तीचा विचार पहिल्याच दिवशी करावा. सगळा मजकूर शंभर टक्के काळ्या शाईत, चित्रावर ओव्हरप्रिंट करून, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापून ठेवला, तर दुसऱ्या भाषेसाठी फक्त काळी प्लेट बदलते. निळी, मजेंटा आणि पिवळी तीच राहते. मात्र त्यासाठी पथ्यं आहेत. गडद भागावर पांढरी अक्षरं नकोत, कारण ती चारही प्लेटांतून कोरली जातात. चित्रातल्या पाट्यांवर चित्रकाराने हाताने लिहायचं नाही. मजकुराखालची छटा वीस टक्क्यांच्या आत, आणि प्रत्येक चौकटीत पाव जागा मोकळी, कारण दोन्ही भाषांत वाक्य सारख्या लांबीचं होत नाही. चार शाया मिसळून केलेलं काळं मजकुराला कधीच नको. रंग केसभर सरकले तरी बारीक अक्षरांना लाल-निळ्या कडा येतात.

अक्षर १७ पॉइंट, ओळीतलं अंतर २७. गुजराती मजकूर यापेक्षा कमी अंतरात बसतो, म्हणून डीटीपी करणारा सवयीने ओळी आवळतो, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. हिंदी वळणाचा फाँट असेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी धाटणीचे येतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी केली की बऱ्याच युनिकोड फाँटांत ते आपोआप बदलतात. जुन्या फाँटातून मजकूर बदलून घेतला असेल तर ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्या’ हे शब्द शोधून शोधून तपासावेत. तिथे ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, आणि वावेच्या पुस्तकात ‘पायऱ्या’ जवळजवळ प्रत्येक पानावर आहे.

हे सगळं करण्याआधी, पेन्सिलीची चित्रं तयार असतानाच, पाच-सहा मुलांपुढे ती मजकुराशिवाय ठेवावीत. रंग भरल्यावर केलेली दुरुस्ती म्हणजे पुन्हा नवं चित्र. ‘समजलं का?’ असं विचारू नये, मुलं हो म्हणतात. ‘इथे काय चाललंय?’, ‘हे पाणी कुठून आलं?’ असं विचारावं आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यावं. दोन मुलं ‘पावसाचं, वरून पडलेलं’ म्हणाली, तर भिंगाचा गोल लहान पडला आहे. तो दुप्पट करायचा आणि दुसऱ्या मुलांना दाखवायचा.