बोरिवली ते मोत माउली, एका हातासाठी

२०२४ ची गोष्ट आहे, लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेली. त्या वर्षी जूनमध्ये मी बिल्डिंगच्या जिन्यात घसरले आणि उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे उजवा हात गेला म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. प्लास्टर निघालं तरी सुई धरताना बोटं ऐकेनात, कात्री तर लांबच राहिली, तेव्हा एकदा वैतागून मनातल्या मनात बोलून गेले की माउली, ही बोटं वळू देत, मी घरून चालत येते तुझ्याकडे. ऑगस्टच्या शेवटी हूक-काज जमायला लागलं आणि मग लक्षात आलं की घर बोरिवलीत आहे. नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, अगं नवस बोलताना अंतर तरी बघायचं, माहीमहून चालत येते म्हणाली असतीस तर तासाभरात मोकळी झाली असतीस.

मोत माउली म्हणजे वांद्र्याची माउंट मेरी, डोंगरावरच्या चर्चमधली मरिया माता, येशूची आई. कोळी लोकांचं हे नाव. मोत म्हणजे मोती, की माउंटचंच बोलता बोलता मोत झालं, यावर आमच्याकडे दर सप्टेंबरला वाद होतो. माझी आजी वसईची, ती शेवटपर्यंत मोत माउलीच म्हणायची. ८ सप्टेंबर हा मरिया मातेचा जन्मदिवस, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना आणि सणाच्या आसपासच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. त्या वर्षी ८ तारीख नेमकी रविवारी आली, आणि आदल्या दिवशी शनिवारी गणेश चतुर्थी! म्हणजे आम्ही रात्रभर चालणार होतो तो अख्खा एस. व्ही. रोड मंडपांनी भरलेला.

रात्री साडेअकराला निघालो. मी, नणंद, तिची कॉलेजातली मुलगी म्हणजे माझी भाची, आणि बिल्डिंगमधल्या दोन मावश्या. नवऱ्याने स्कूटर घेऊन मागे मागे येतो म्हटलं, त्याला घरी बसवला. हातात जपमाळ, पाठीवर पाणी, ग्लुकोज, रेनकोट. जपमाळ म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग आठवायचे, त्यांना रहस्यं म्हणतात, शनिवार म्हणून आनंदाची रहस्यं. एका जपमाळेत पन्नास वेळा नमो मरिया ही प्रार्थना, तर आम्ही अंतर जपमाळेतच मोजत होतो. बोरिवली ते कांदिवली एक जपमाळ आणि वर थोड्या गप्पा, कांदिवली ते मालाड परत एक. पण मालाडच्या पुढे डीजेसमोर आमचं काही चालेना, एक मावशी मोठ्याने सुरू करायची आणि ढोल आला की सगळ्यांची गिनती चुकायची, मग तिसरं रहस्य दोनदा झालं, चौथं बहुतेक झालंच नाही.

रात्री चालणाऱ्या बायकांना खरा प्रॉब्लेम पायांचा नसतो, बाथरूमचा असतो. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. दोन पेट्रोल पंपांवर कुलूप मिळालं. शेवटी गोरेगावला एका मंडळाच्या पोरांनी मागच्या चाळीतल्या काकूंना उठवून त्यांचं बाथरूम उघडून दिलं, आणि वर चहा आणि शिरा. कुठे निघालात एवढ्या रात्रीचे, तर म्हटलं माउंट मेरीला, चालत. त्यातल्या एकाने खिशातून वीस रुपये काढले, म्हणाला आंटी, आमच्यासाठी पण एक मेणाचं घर वाहा ना, म्हाडाचा फॉर्म भरलाय. जे मागायचं त्याच्या आकाराचं मेण माउलीला वाहतात, ते त्याला माहीत होतं. घेतले मी. नवसाच्या वाटेवर दुसऱ्याचं पार्सल नाही म्हणता येत नाही.

अंधेरीच्या जवळ पाऊस आला. मोठा नाही, पण बूट भिजतील एवढा, आणि नवीन बूट घालून चालायला निघणं हा मूर्खपणा मी केलाच होता. एका बंद दुकानाच्या शटरपाशी बसून टाचेला पट्टी लावत होते तेव्हा नणंदेने भाचीला मूर्तीची गोष्ट सांगितली. डोंगरावर मातेचं देऊळ (आमची आजी देऊळच म्हणायची) पोर्तुगीज काळापासूनचं. १७०० साली समुद्रातून अरब चाचे आले, मूर्तीच्या हातात काहीतरी सोनेरी दिसलं, त्यांना वाटलं अस्सल सोनं, म्हणून त्यांनी तिचा उजवा हातच तोडला. १७६० मध्ये देऊळ परत बांधलं तेव्हा तिच्या जागी दुसरी मूर्ती बसवली. ही दुसरी मूर्ती समुद्रात तरंगताना सापडलेली, आणि ती सापडणार हे एका कोळ्याला आधी स्वप्नात दिसलं होतं म्हणतात. पुढे कधीतरी पहिली मूर्ती दुरुस्त करून परत आपल्या जागी आली, आणि आज आपण जिच्यापुढे गुडघे टेकतो ती हीच.

भाचीने कानातला इयरफोन काढला. म्हणाली, म्हणजे मामी, जिला स्वतःचा उजवा हात वाचवता आला नाही तिच्याकडे तू उजवा हात मागितलास?

खरं सांगते, मला हे कधी सुचलंच नव्हतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आणि माझं मोडलेलं मनगट, दोन्ही डोक्यात वेगवेगळ्या खणात. मी काही बोलायच्या आत नणंद तडकून म्हणाली, मग मोडलेल्या हाताचं तिला नाही कळणार तर कोणाला कळणार, चल ऊठ आता. पण पुढे सांताक्रूझ, खार येईपर्यंत मी तेच डोक्यात घोळवत होते, जपमाळ हातात नुसती फिरत होती.

हिल रोडला वळलो तेव्हा साडेपाच झाले असतील. इथून एकदम गर्दी, माहीमकडून येणारे पण इथेच मिसळतात. त्यांचा रस्ता आता सोपा, पण १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा रस्ता झाला त्याआधी खाडी होडीनेच ओलांडायला लागायची. लेडी जमशेटजी म्हणजे सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी तेव्हा दीडेक लाख रुपये घातले त्यात. शेवटचा चढ तसा काही नाही, एरवी दहा मिनिटांत चढते मी, त्या दिवशी प्रत्येक दिव्याच्या खांबाला हात टेकून गेले.

वर स्टॉल लागलेले. मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं, विमानंसुद्धा, परदेशी जायचंय त्यांच्यासाठी. मी हात घेतला आणि बाजूला जाऊन बघते तर अंगठा दुसऱ्या बाजूला, म्हणजे डावा. परत गेले, मला उजवा पाहिजे. स्टॉलवाली म्हणाली बाई, साचा एकच असतो, उलटा धरा. आणि घर शंभर रुपयांचं! गोरेगावच्या पोराचे वीस, वरचे ऐंशी माझे गेले. म्हाडाची लॉटरी लागली तर वसूल करीन म्हटलं.

पोलिसांनी बॅगा तपासल्या, मग लाइन. १९०४ चं दगडी चर्च, आत फुलांचा आणि मेणाचा वास, पंखे फुल स्पीडवर. माझं सगळं लक्ष उजव्या हातावर होतं, या एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा सोडून हात बघायला गेले होते. पण तो झगा, ते हार, आणि मागून स्वयंसेवकाचं चला चला पुढे चला. धड काही दिसलंच नाही. मेणाचा हात दिला तर त्याने तो न बघताच बाकीच्यांच्या ढिगात ठेवला, आणि त्या ढिगात नुसते डावेच हात, एकावर एक.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मिळाली, बसायला जागा नाही मिळाली. बाहेर येऊन खारे चणे, खाजे आणि पेरूचं चीज, म्हणजे पेरूची वडी, घेतलं, भाचीने एकटीने अर्धं संपवलं. वांद्र्याहून ट्रेन पकडली तेव्हा नणंद उभ्या उभ्या झोपली होती. बोरिवलीला उतरलो तर दीड दिवसाचे गणपती विसर्जनाला निघायची तयारी चालू, आणि खाली एक गिऱ्हाईक उभं, गौरी मंगळवारी येतात वहिनी, ब्लाउज झालं का.