फौंड्रीतल्या अकाउंट्समधून सांगलीतल्या प्रॅक्टिसमध्ये

सांगली-मिरजेत कंपनीत नोकरी करणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटपुढे, म्हणजे सीएपुढे, पस्तिशीच्या आसपास एक प्रश्न येऊन उभा राहतोच. वरची जागा हवी तर पुणं गाठा, नाहीतर आहे त्याच खुर्चीत बसा. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, बरीच वर्षं अकाउंट्स आणि कॉस्टिंग सांभाळलं. पगार वेळेवर, माणसं चांगली. पण घर विश्रामबागला, मुलांची शाळा इथली, सासू-सासरे इथले. पुण्याला जायची मला इच्छाच नव्हती. आणि त्याहून आतली गोष्ट म्हणजे, दरवर्षी ऑडिटर आले की वाटायचं, आकडे मी तयार करते आणि त्यांवर सही हे करतात. मला ती सही करायची होती.

घरी सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्या वर्षी घर कशावर चालायचं?" रास्त प्रश्न होता. म्हणून आधी वर्षभराचा घरखर्च बाजूला काढला आणि मगच राजीनामा दिला. हा क्रम कुणी उलटा करू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

राजीनाम्यानंतर लगेच स्वतःची पाटी लावली नाही. एका वरिष्ठ सीएंच्या ऑफिसात एक पूर्ण सीझन पगारी काम केलं. कंपनीत राहून कायद्याचा एकच पट्टा पक्का होतो. आमच्याकडे उत्पादनाचा जीएसटी, जॉबवर्क (आपला माल बाहेर पाठवून करून घेतलेलं काम), टीडीएस, स्टॉक हे सगळं तोंडपाठ होतं. पण ट्रस्ट, भागीदारी, डॉक्टरांचे हिशेब, शेतजमिनीच्या विक्रीवरचा भांडवली नफा, यातलं काही आर्टिकलशिपनंतर, म्हणजे सीए होतानाच्या उमेदवारीनंतर, हातात आलेलंच नव्हतं. पुस्तकं घरी वाचता येतात, पण समोर बसलेल्या माणसाकडून नेमका कोणता कागद मागायचा, हे दुसऱ्याच्या टेबलाशेजारी बसूनच कळतं.

त्या ऑफिसात सगळ्यात जास्त शिकवलं ते पतसंस्थांनी. आपल्या भागात सहकाराशिवाय प्रॅक्टिस होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ८१ प्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण करावंच लागतं. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत ते पुरं करायचं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची. त्यामुळे मे-जूनमध्ये गावोगावच्या संस्थांत मुक्कामच असतो. मी कंपनीच्या सवयीने आधी ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, उघडली. सरांनी ती मिटवली आणि संचालक मंडळाचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची वही, पुढे ठेवली. म्हणाले, "आधी हे वाच. कर्ज कुणाला, किती, कोणत्या तारणावर मंजूर झालं ते बघ. मग थकबाकीची यादी घे."

तिथून माझी नजर बदलली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कर्जखातं पूर्ण भरलेलं दिसतं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच माणसाला तेवढंच नवं कर्ज दिलेलं असतं. नवं-जुनं करण्याचा हा प्रकार नुसत्या ३१ मार्चच्या ताळेबंदात कधीच दिसत नाही. तिथे थकबाकी कमी दिसते, बुडीत कर्जांसाठीची तरतूद कमी करावी लागते आणि संस्थेला 'अ' वर्ग मिळायची वाट मोकळी होते. म्हणून एप्रिलचंही कॅशबुक मागायचं. आणि ते पैसे असतात कुणाचे? भाजीवाल्या बाईंची रोजची पिग्मी, निवृत्त शिक्षकांची ठेव. कंपनीच्या ऑडिटमध्ये हे चेहरे समोर येत नाहीत. पतसंस्थेत ते काउंटरसमोर रांगेत उभे असतात. अहवालात एखादा दोष लिहिला की संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे चेअरमनसाहेब चहा पाजून "हे एवढं सौम्य करा की ताई" म्हणतात. सर मान हलवायचे आणि मजकूर तसाच ठेवायचे. ते बघणं हे माझं खरं शिक्षण होतं.

कागदपत्रांचा भाग लोकांना वाटतो तितका अवघड नाही. आम्हा सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिससाठी, म्हणजे सीओपीसाठी, फॉर्म ६ भरायचा. स्वतःच्या नावाने काम करायचं असेल तर तेवढ्यावर भागतं. फर्मचं नाव हवं असेल तर नावाला मंजुरी आणि फॉर्म १८. नोकरी सांभाळून अर्धवेळ सीओपी घ्यायचा मोह अनेकांना होतो, पण त्यावर ऑडिटची सही करता येत नाही. ज्याला सहीसाठीच यायचंय त्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय नोकरीत असताना तीन वर्षांत सीपीईचे, म्हणजे सक्तीच्या पुढच्या शिक्षणाचे, ६० तास पुरायचे, प्रॅक्टिसमध्ये ते १२० झाले. सुदैवाने इन्स्टिट्यूटची सांगली शाखा आहे, त्यामुळे त्यासाठी पुण्या-मुंबईला पळावं लागत नाही.

यूडिन, म्हणजे सही केलेल्या प्रत्येक कागदाचा ओळख क्रमांक, मात्र माझ्यासाठी संपूर्ण नवं होतं. सीए नसलेले लोक सीएच्या नावाने खोटे दाखले देत होते, ते थांबवण्यासाठी ही पद्धत आली आणि १ जुलै २०१९ पासून ऑडिटच्या प्रत्येक सहीला ती लागू झाली. सही केली की १८ अक्षर-अंकांचा क्रमांक काढायचा. बँकेतला अधिकारी तो टाकून तिथल्या तिथे पडताळून बघतो. कंपनीत माझ्या सहीमागे मालक होते, बोर्ड होतं. पहिला यूडिन काढला तेव्हा त्या कागदामागे फक्त मी होते.

कामं मिळवायचं काय? दारोदार कामं मागत फिरायचं नाही, हा आमच्या आचारसंहितेचा नियम आहे आणि मला तो पटतो. कामं ओळखीतूनच आली. पण सांगलीएवढ्या गावात त्यातही अवघड जागा असते. नवं ऑडिट घ्यायच्या आधी जुन्या ऑडिटरना लेखी कळवावं लागतं, आणि ते जुने ऑडिटर म्हणजे ज्यांच्या व्याख्यानांना आपण वह्या घेऊन बसलो तेच असतात. मी रजिस्टर पत्र पाठवते आणि त्याआधी स्वतः जाऊन भेटते. एकांनी सांगितलं, "अगं, त्यांच्याकडे माझी दोन वर्षांची फी राहिलीय." मी क्लायंटला म्हटलं, आधी ती द्या, मग माझ्याकडे या. त्यांनी दिली. गावात आपल्याला वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं बघायची असतात.

स्वतःच्या नावाने केलेल्या टॅक्स ऑडिटमध्ये एक छोटी फौंड्री होती. कारखान्यातली वर्षं वाया गेली असं कुणी म्हटलं की मला तेच काम आठवतं. १९६१च्या आयकर कायद्याखालच्या फॉर्म ३सीडीमध्ये कलम ३५ला कच्चा माल किती लागला, पक्का माल किती निघाला, उताऱ्याची टक्केवारी किती, हे वजनासकट द्यावं लागतं. अनेक ठिकाणी मागच्या वर्षाची टक्केवारी थोडी इकडेतिकडे करून टाकलेली असते. इथेही तसंच होतं. मी उताऱ्याचा आकडा बघितला आणि तो शक्यच नव्हता. स्क्रॅप आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) भट्टीत गेलं की काही जळून स्लॅगमध्ये, म्हणजे वरच्या मळीत, जातं. साच्यात ओतलं की रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत थिजलेले जादा तुकडे, तयार होतात, ते तोडून परत भट्टीत. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करताना, आणखी थोडं जातं, नापास झालेला मालही पुन्हा वितळतो.

मी टॅली बाजूला ठेवली आणि हीटचं, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळणीच्या नोंदीचं, रजिस्टर मागितलं. मग विजेची बिलं. एक टन वितळवायला त्या भट्टीला साधारण किती युनिट लागतात हे मला माहीत होतं, त्यावरून महिन्याचं वितळलेलं वजन काढलं आणि विकलेल्या कास्टिंगशी लावून पाहिलं. मग शेडच्या मागे गेले. तिथे रनर-रायझरचा मोठा ढीग पडला होता आणि तो ३१ मार्चच्या स्टॉकमध्ये कुठेच नव्हता. मार्चपासून तो पडून आहे, हे रजिस्टरमध्येच दिसत होतं.

मालक म्हणाले, "मॅडम, आजवर हे कुणी विचारलं नाही."

"ढीग डोळ्यांसमोर आहे, शेठ. तो नाही असं मी कसं लिहू?"

स्टॉक वाढला, नफा वाढला, कर वाढला. ते नाराज झाले, आणि ते मी समजू शकत होते. पण पुढे बँकेच्या कर्जाची लिमिट वाढवायची वेळ आली तेव्हा बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि ताळेबंद पहिल्यांदाच जुळले. शेठ अजून माझ्याकडेच आहेत.

सगळीच कामं अशी खोल नसतात. बेदाण्याच्या एका बागायतदारांना नोंदणी घ्यावी लागेल का, ही चिंता होती. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही, हे जीएसटी परिषदेच्या २१ डिसेंबर २०२४च्या बैठकीत स्पष्ट झालं, ते त्यांना सांगितलं आणि काम झालं. आता तर २०२५चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला आहे. कलमांचे क्रमांक जुन्या-जाणत्यांनाही नव्याने पाठ करायचेत. उशिरा प्रॅक्टिसला येणाऱ्यासाठी याहून चांगली वेळ मला तरी दिसत नाही.

पैशांचं सरळ सांगते. पहिल्या वर्षी पगाराच्या जवळपासही पोचले नाही. काम जुलै ते ऑक्टोबर आणि फी दिवाळीला, कधी दिवाळीनंतर. हे गणित आधी मांडलं नसतं तर मी डगमगले असते. हळूहळू मासिक जीएसटीची कामं वाढली आणि दर महिन्याला काहीतरी येऊ लागलं.

मधे माझ्या जुन्या मालकांचा फोन आला. कंपनीचं ऑडिट तूच घे म्हणाले, तुला सगळं माहीत आहे. विश्वासाने म्हणाले, आणि फी चांगली होती. मी नाही म्हटलं. त्या वह्यांतल्या जुन्या नोंदी माझ्या हातच्या आहेत, स्टॉकच्या पद्धती मी बसवल्यात, त्या तपासायला दुसरं कुणीतरी हवं. त्यांच्या जॉबवर्कची चलनं आणि आयटीसी-०४ या जीएसटी विवरणाचं काम मात्र घेतलं. बाहेर पाठवलेला माल एका वर्षात परत आला की नाही, याचा हिशेब तिथे बरेच दिवस मागे पडला होता.