फ्रिजमधली हिरवी बाटली

इथे इंग्लंडमध्ये आयसीयूच्या बाहेर नातेवाइकांसाठी एक खोली असते. दोन मऊ खुर्च्या, समुद्राचं फिकट चित्र आणि टेबलावर टिश्यूचा खोका. खोका नवाकोरा, पहिला टिश्यू अर्धा बाहेर काढून ठेवलेला. तो बघूनच माझं डोकं फिरलं. आधी बोला तरी, मग रडायचं की नाही ते आम्ही ठरवू!

आत्या ९१ वर्षांची. आतड्याचं तातडीचं ऑपरेशन झालं, त्यावर न्यूमोनिया. कन्सल्टंट, म्हणजे इथली वरिष्ठ डॉक्टर, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "त्यांचं हृदय थांबलं, तर आम्ही सीपीआर करणार नाही, म्हणजे छाती दाबून ते परत चालू करायला जाणार नाही. बाकी उपचार चालू राहतील." मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. 'तुमचं काय म्हणणं आहे?' हे वाक्य आलंच नाही. सहीसाठी कागद नाही, 'घरी विचारून सांगा' नाही.

आपल्याकडे कसं, कॉरिडॉरमध्ये सात माणसं उभी असतात. त्यातला एक पुण्याहून येतो, एक फोनवर असतो, आणि जो सगळ्यात लांब तो सगळ्यात ठामपणे "सगळं करा डॉक्टर" म्हणतो. इथे त्या माणसाला जागाच नाही. इंग्लंडमध्ये सीपीआर करायचा की नाही हा वैद्यकीय निर्णय. घरच्यांशी बोलतात, पण मत मोजत नाहीत. मला ते भयंकर उद्धट वाटलं. आमची आत्या, आणि ठरवणार ही कोण?

त्यात संशय. आपल्याकडे व्हेंटिलेटर लावला की वाटतं, बिलासाठी लावला. इथे बिलच नाही, तर वाटतं, खाट मोकळी करायची असेल. अगदीच निराधार नाही हं हे. कोविडच्या वेळी काही ठिकाणी 'सीपीआर नको' असे शेरे न विचारता मारल्याच्या तक्रारी झाल्या, चौकशी झाली, २०२१ मध्ये अहवालही आला. मी डॉक्टरला तोंडावर विचारलं, "वय बघून ठरवलंत ना?"

ती म्हणाली, वय नाही. मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. दोन महिन्यांपूर्वी त्या जिना चढत होत्या का? आंघोळीला मदत लागायची? दुकानात एकट्या जायच्या? शेवटचं पूर्ण जेवण कधी केलं? शरीर किती थकलंय याची एक मोजपट्टी असते, एक ते नऊ. एक म्हणजे ठणठणीत. मी उत्तरं देत गेले आणि माझ्याच उत्तरांनी आत्या पुढे पुढे सरकत गेली. दिवाळीपासून ती खालच्या मजल्यावरच झोपते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

मग तिने सीपीआर म्हणजे काय ते सांगितलं. छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. रात्री घरी येऊन मी वाचत बसले. अमेरिकेत रुग्णालयातच सीपीआर दिलेल्या ६५ वर्षांपुढच्या लाखो लोकांचा अभ्यास झाला होता, २००९ मध्ये छापलेला. जेमतेम १८ टक्के जिवंत घरी किंवा दुसऱ्या कुठल्या देखभाल केंद्रात गेले. टीव्ही मालिकांमधल्या सीपीआरचीही कुणीतरी १९९६ साली मोजदाद केली होती. तिथे दोन तृतीयांश लोक बरे होऊन जातात. आपण सगळे त्या दोन तृतीयांशांवर वाढलोय.

तरी मी शेवटचं अस्त्र काढलं. "तिला काही सांगू नका. खचेल ती." डॉक्टर पहिल्यांदाच कडक झाली. "त्या पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी काहीही लिहिणार नाही." जॅनेट ट्रेसी नावाच्या बाईंच्या घरच्यांनी खटला लढवला, तेव्हापासून म्हणजे २०१४ पासून इथे हा कायदाच आहे. म्हणजे ज्याच्यावर मी चिडले होते तो नियम, आणि जो मला मोडायचा होता तो नियम, एकाच टेबलावर.

आत्याने मास्क बाजूला केला. "फ्रिजच्या दारात हिरव्या क्रॉसची बाटली आहे बघ. लोणच्याच्या मागे."

ती बाटली मी किमान तीन वर्षं बघत होते. मला वाटायचं, व्हिटॅमिनच्या गोळ्या. लायन्स क्लबवाले फुकट वाटतात; अॅम्ब्युलन्सवाल्यांना सापडावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवायची. आत जांभळा फॉर्म, घडी घातलेला, तिच्या जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची सही, तारीख २०२३ ची. 'आयुष्य वाढवण्याला प्राधान्य' आणि 'आराम मिळण्याला प्राधान्य', यांत तिने आरामावर खूण केली होती. खाली तिरक्या अक्षरात, 'सीपीआर नको.'

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मीटिंग घेतली असतीत." मग श्वास घेऊन म्हणाली, "तीस वर्षं छात्या दाबल्यात मी. आवाज माहितीये मला."

आत्या १९६६ साली इथे नर्स म्हणून आली. छाती दाबायची ही पद्धत जगासमोर आली १९६० मध्ये, म्हणजे तिने ती नवीन असतानाच शिकली. मी मात्र तिला सीपीआर समजेल की नाही याची काळजी करत होते.

दादाला सांगलीला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांच्या वेळी असं कुणी विचारलं असतं तर?"

बाबांच्या शेवटच्या १९ दिवसांबद्दल मी कधी लिहिलेलं नाही. ८६ वर्षं, व्हेंटिलेटर, दोनदा सीपीआर, दुसऱ्यांदा बरगड्या गेल्या. डिसेंबर २०१७ ची गोष्ट. लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला, सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली मार्च २०१८ मध्ये, आणि २०२३ मध्ये ते सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हतं, असं मी आठ वर्षं सांगत आलेय. ते खरंही आहे. आणि बाबांना 'चला नोटरीकडे' म्हणायला आमच्या घरात कुणाची जीभ वळली असती? आपल्याकडे माणूस सोडवत नाही, हा काही दोष नाही. इथे शेजारच्या आजोबांना ख्रिसमसलाही कुणी भेटायला आलं नव्हतं, त्यांचे कागद मात्र एकदम व्यवस्थित.

"तेव्हा कुणी विचारलंच नाही रे आपल्याला," मी म्हटलं.

"अगं, त्या रात्रपाळीच्या पोराने विचारलं होतं. 'परत थांबलं तर करू का?' म्हणून. मीच तुला फोन लावला होता."

आत्या परवा वॉर्डात आली. पेज खाते, मीठ कमी म्हणून कुरकुरते. बाटली मी परत फ्रिजमध्ये ठेवली. लोणच्याच्या पुढे.